पायली आणि मापाडी : बुद्धिमापनाच्या दोन मापनींचे परीक्षण

"गुरुजी, हे बाहत्तर म्हंजे पोरगा पास का नापास जी?"

लाखांदूर तालुक्यातल्या एका पालकाने मला हे विचारले, तेव्हा त्याच्या हातात शहरातून आणलेला एक कागद होता. ऐन रोवणीच्या दिवसांत दोन दिवसांची मजुरी बुडवून तो मुलाला तपासणीला घेऊन गेला होता. मुलगा चौथीत. वाचताना अडखळतो, बेरजेत हातचा विसरतो, तीन कामे सांगितली की एक करून परत येतो. वर्गात कोणाला त्रास देत नाही, म्हणून पहिली तीन वर्षे तो कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही. कागदावर मापनींची नावे होती, बुद्धिगुणांक ७२, सामाजिक गुणांक ७१ असे दोन आकडे होते आणि एक शिक्का होता. मुलाशी कोणत्या भाषेत बोलणे झाले, तो कशात चुकला आणि कशात चुकला नाही, आता शाळेने काय करायचे, यातले एक अक्षरही त्यावर नव्हते.

त्या बापाला सरळ उत्तर मला देता आले नाही. म्हणून त्या आकड्यांच्या मागे असलेल्या मापनींविषयी मिळेल ते वाचले. आपण पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करतो, तसे मोजण्याच्या साधनाचेही करायला हवे. शेकडो मुलांचे भवितव्य ज्यावर ठरते त्या साधनाचे तर नक्कीच.

दोन मापनी, दोन गावे

या मापनींचे मूळ पॅरिसमध्ये आहे. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी प्रश्नांची एक मालिका बनवली. १९०८ मध्ये त्यांनी ते प्रश्न वयानुसार लावले. सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते ते सातव्या वर्षाच्या गटात, असा तो क्रम. यातून 'मानसिक वय' ही कल्पना निघाली. १९१२ मध्ये जर्मनीतल्या विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचे सुचवले, आणि १९१६ मध्ये अमेरिकेतल्या लुईस टर्मनने त्याला शंभराने गुणून आज परिचित असलेला बुद्धिगुणांक रूढ केला. मूल नऊ वर्षांचे आणि मानसिक वय सहा, तर ६ भागिले ९ गुणिले १००, म्हणजे सुमारे ६७. गणित चौथीच्या मुलालाही समजेल इतके सोपे आहे. बिनेने मात्र १९०९ मध्येच बजावले होते की, बुद्धी ही न बदलणारी, एकदा मोजली की संपली अशी वस्तू समजू नका.

टर्मनची मापनी आपल्याकडे आणण्याचे काम व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला केले. कन्नड आणि मराठी मुलांसाठी त्यांनी केलेले रूपांतर १९३४ चे. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. 'बिने-कामत' या जोडनावाने ही मापनी देशभर गेली. दुसरी मापनी आपल्या अधिक जवळची, नागपूरची. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या आर्थर मॅलिन यांनी १९६० च्या दशकात दोन मोठी कामे केली. डेव्हिड वेक्स्लरच्या १९४९ च्या मुलांसाठीच्या मापनीचे भारतीय रूप त्यांनी तयार केले. ते १९६९ चे. त्याआधी, १९६५ मध्ये, एडगर डॉलच्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीचे ८९ कलमांचे भारतीय रूप त्यांनी दिले. मूल हाताने जेवते का, कपडे घालते का, गावात एकटे फिरते का, हे पालकांना विचारून सामाजिक गुणांक काढायचा, अशी ही मापनी.

आधी या कामाचे मोल मान्य केले पाहिजे. मुलाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारावा, परदेशी मुलांशी नव्हे तर इथल्या मुलांशी त्याची तुलना करावी, हा आग्रह धरून कामतांनी त्या काळात एकेका मुलासमोर बसून मापन केले. मॅलिन यांनी शाब्दिक आणि कृतियुक्त असे दोन भाग वेगळे ठेवले. त्यामुळे एखादे मूल बोलण्यात मागे आणि ठोकळ्यांची रचना करण्यात पुढे असेल, तर ते दिसू शकते. माझा आक्षेप या दोघांवर नाही. त्यांनी त्यांच्या काळासाठी केलेले माप आपण पुढच्या पिढ्यांवर तसेच वापरत राहिलो, त्यावर आहे.

एकाच वेळी दोन उलट चुका

कोणतेही गुणांक म्हणजे तुलना असते. प्रमाणीकरणाच्या वेळी ज्या मुलांची चाचणी घेतली, त्यांच्या रांगेत आपल्या मुलाला उभे करायचे आणि त्याची जागा पाहायची. आता ही रांगच जुनी असेल तर काय होते?

न्यूझीलंडमध्ये काम केलेले अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतली आणि १९८७ मध्ये चौदा देशांतली आकडेवारी मांडली. पिढीगणिक मुलांची कामगिरी वाढत गेलेली दिसली. ढोबळमानाने दर दहा वर्षांना तीन गुण. शाळा, छापील मजकूर, चित्रे, आकृत्यांशी रोजचा संबंध, आरोग्य अशी अनेक कारणे सांगितली जातात. आपल्याकडे हा दर नेमका तेवढाच असेल असे समजायचे कारण नाही. पण दिशा लक्षात घ्या. आजच्या मुलाला १९३० च्या दशकातल्या रांगेत उभे केले, तर ते आहे त्यापेक्षा उंच दिसणार. ज्याला खरोखर मदतीची गरज आहे, असे मूल 'ठीक आहे' म्हणून परत पाठवले जाणार.

दुसरी चूक नेमकी उलट दिशेची आहे. टर्मनच्या मापनीत सातव्या वर्षासाठी दोरीची फुलगाठ बांधण्याचे काम होते. बुटांची नाडी रोज बांधणाऱ्या मुलाला ते सोपे. आमच्याकडे बांधीतून अनवाणी येणाऱ्या मुलाला ती गाठ कुठे भेटणार? तो बैलाच्या दाव्याची गाठ सहज मारेल, पण ती कोणी विचारत नाही. पैशांवरचे प्रश्न घ्या. १९३४ साली रुपयाचे सोळा आणे होते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. आणि आज पहिली-दुसरीतल्या मुलाने किती सुटी नाणी हाताळली असतील, हाही प्रश्नच आहे. डॉलच्या मूळ सामाजिक मापनीत पत्र लिहिणे, टेलिफोन करणे, जाहिरात पाहून टपालाने वस्तू मागवणे ही परिपक्वतेची लक्षणे होती. आठव्या वर्षी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेळ्या राखणाऱ्या मुलीची समज त्या यादीत कोठे बसवायची? अशा ठिकाणी मूल आहे त्यापेक्षा खुजे दिसते.

त्यात आमच्या भागात भाषेचा प्रश्न येतो. झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. पाणी म्हणजे 'पानी', डोळा म्हणजे 'डोरा'. मुलाने 'डोरा' लिहिले तर तो त्याच्या कानाशी प्रामाणिक आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकाला मात्र ती अक्षरांची गल्लत वाटू शकते, आणि अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत अशा चुका मोजल्या जातात. याउलट एखादा मुलगा 'डोरा' ऐवजी 'रोडा' लिहीत असेल, ओळखीच्या शब्दातही अक्षरांचा क्रम पुनःपुन्हा बदलत असेल, तर ती बोलीची खूण नव्हे. या दोन मुलांतला फरक उत्तरपत्रिकेच्या गुणांत दिसत नाही. तो बोली जाणणाऱ्या माणसालाच कळतो.

कोणी म्हणेल, एक चूक वर नेते, दुसरी खाली आणते, म्हणजे फिटंफाट झाली. तसे होत नाही. कोणत्या मुलात कोणती चूक किती शिरली आहे, हे आकड्यावरून सांगता येत नाही. शहरातल्या मराठी बोलणाऱ्या मुलाचा आकडा फुगलेला असेल आणि आमच्या मुलाचा दबलेला असेल. कागदावर दोघेही ७२.

सत्तरची रेघ

हा केवळ तात्त्विक वाद राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आल्या. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल तर कायद्यातले महत्त्वाचे लाभ मिळतात. टक्के कसे काढायचे, याच्या सूचना ४ जानेवारी २०१८ रोजी राजपत्रात आल्या. बौद्धिक अक्षमतेसाठी त्यात सामाजिक परिपक्वता मापनीच्या गुणांचे कोष्टक होते. ५५ ते ६९ गुण म्हणजे सौम्य, ५० टक्के. ७० ते ८४ म्हणजे सीमारेषेवर, २५ टक्के.

म्हणजे ६९ आणि ७० यांच्यात एक गुणाचे अंतर, पण एका बाजूला ५० टक्के आणि दुसऱ्या बाजूला २५. नागपुरात १९६५ साली रूपांतरित केलेल्या ८९ कलमांतले एखादे कलम आईने 'करतो' म्हटले की 'थोडंफार करतो' म्हटले, एवढ्यावर मूल रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे जाऊ शकते. आमच्या मुलाचा ७१ आकडा असाच पलीकडे पडला होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत बुद्धिगुणांक वाचताना पाच गुणांची चूक दोन्ही बाजूंना गृहीत धरायला सांगितले आहे. म्हणजे ७० हा आकडा ६५ ते ७५ यांच्यातला कोणताही असू शकतो. ज्या साधनाची स्वतःची चूक पाच गुणांची, त्यावर एका गुणाची रेघ ओढणे हे विज्ञानाला धरून नाही. प्रयोगशाळेत सेंटिमीटरच्या पट्टीने सूक्ष्मदर्शकाखालची पेशी मोजणाऱ्या विद्यार्थ्याला आपण थांबवतो, तसेच हे. या सूचना मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाल्या. पण कोष्टक कितीही सुधारले, तरी त्यात भरायचा आकडा काढणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

मापाडी घडतो कसा

धान मोजणाऱ्या गावाला हे वेगळे सांगायला नको. पायली तीच असते, पण शीग लावून मोजायचे की काठाला सपाट करून, हे मापाड्याच्या हातावर असते. चांगला मापाडी रास पाहून आधीच सांगतो की धान ओले आहे, आज मोजू नका.

मुलांच्या बाबतीत 'धान ओले आहे' हे ओळखणे म्हणजे काय? ७२ गुण मिळवणाऱ्या मुलाचा कान वाहत असेल आणि त्याला निम्मे प्रश्न ऐकूच आले नसतील. त्याला दिवसातून अनेकदा काही सेकंदांचे, पाहणाऱ्याला तंद्री वाटणारे फेफरे येत असेल. त्याचे अवधान टिकत नसेल, पण समज चांगली असेल. किंवा त्याला सिकलसेल असेल. विदर्भात हा आजार बराच आढळतो. त्यात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून, बाहेरून कोणतेही लक्षण न दिसता, लहानलहान इजा होऊ शकतात. आणि अशा मुलांत अवधान व शिकणे मंदावते, हे अभ्यासांतून दिसले आहे. इतक्या वेगवेगळ्या वाटा एकाच आकड्याशी येऊन मिळतात. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे. मापनी यातला भेद करत नाही. तो माणसाला करावा लागतो.

ही नजर पुस्तकातून येत नाही. अनुभवी माणसाशेजारी बसून, मूल पाहून, आपले निदान चुकलेले पाहून ती येते. म्हणून अमेरिकेत मानसशास्त्रातल्या डॉक्टरेटनंतरही प्रशिक्षणाची एक पायरी आहे. ज्यांना मेंदू आणि वर्तन यांच्या तपासणीत विशेषज्ञ व्हायचे आहे, त्यांनी डॉक्टरेटनंतर दोन वर्षे देखरेखीखाली काम करावे, असे १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने ठरवले. मुलांच्या विकासातील अडचणींवर काम करणारे उमेदवार या काळात बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारक, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक आणि पालक यांच्याबरोबर एकेक मूल पाहतात आणि आपला प्रत्येक अहवाल ज्येष्ठांकडून तपासून घेतात.

आपल्याकडची शिडी वेगळी आहे. बंगलोरच्या मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निमहान्समध्ये, १९५५ पासून चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण सुरू झाले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला मान्यतेचे अधिकार आले, आणि दोन वर्षांची एम.फिल. ही व्यवसायाची मुख्य वाट ठरली. या दोन वर्षांत प्रौढांचे आजार, व्यसने, मुले, मेंदूविकार असे सगळेच बसवावे लागते. त्यानंतर कोणी पीएच.डी. केली तर ती मुख्यतः संशोधनाची. केवळ विकासातील अडचणी असलेल्या मुलांसाठी डॉक्टरेटनंतरचे, देखरेखीखालचे, रचनाबद्ध प्रशिक्षण महाराष्ट्रात रूढ झालेले नाही. मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेल्या उम्मीद बालविकास केंद्रासारख्या संस्थांनी प्रशिक्षणाचे चांगले काम उभे केले आहे, पण ते मुंबईत. लाखांदूरहून महाराष्ट्राचे दुसरे टोक.

आता तर शिडीच बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली आणि जानेवारी २०२४ मध्ये चिकित्सा मानसशास्त्राला २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुभा दिली. तिच्या जागी काय येते, त्यात मुलांसाठी किती महिने आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे पाहण्याची हीच वेळ आहे. नव्या अभ्यासक्रमात पुन्हा मापनींची नावे पाठ करून घेतली आणि शेजारी बसवून शिकवणे राहिले, तर आणखी पन्नास वर्षे हाच कागद येत राहील.

एक रास्त आक्षेप

साधा मानसशास्त्रज्ञ तालुक्याला मिळत नाही आणि तुम्ही डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणाच्या गोष्टी करता, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. प्रत्येक तालुक्यात असा तज्ज्ञ बसवता येणार नाही, बसवायची गरजही नाही. अमेरिकेतही ही व्यवस्था निर्दोष नाही. तज्ज्ञाच्या भेटीसाठी तिथे मुलांना महिनोन्‌महिने थांबावे लागते.

पण गरज किती आहे तेही पाहू. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दृष्टी आणि श्रवणाच्या दोषांसह नऊ प्रकारच्या अडचणींपैकी किमान एक असलेली मुले सहा ते नऊ या वयोगटात १३.६ टक्के आढळली. तीस मुलांच्या वर्गात ही सरासरी चार मुले होतात. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासणी करतात. मूल शोधण्याची यंत्रणा अशी दारापर्यंत आली. शोधलेल्या मुलाला समजून घेणारा माणूस मात्र तिच्याबरोबर आला नाही.

विदर्भापुरते बोलायचे तर नागपुरात असे मोजके तज्ज्ञ तयार झाले तरी पुष्कळ होईल. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचे अहवाल ते तपासतील, अवघड मुले त्यांच्याबरोबर पाहतील, आणि मापनींची मानके नव्याने घेण्याचे काम हाती घेतील. त्यांच्या प्रशिक्षणातले काही महिने झाडीपट्टीत गेले पाहिजेत. नाहीतर इंग्रजी मापनी हाताळणारा आणखी एक शहरी तज्ज्ञ तेवढा तयार होईल. ज्या नागपुरात मॅलिन यांनी १९६० च्या दशकात एवढे काम केले, त्या नागपूरकडून ही अपेक्षा मोठी नाही.

आपले पान

तोवर आपण काय करायचे? इथे एक जुनी हकीकत आठवते. १८९६ साली फिलाडेल्फियात लाइटनर विट्मरने जगातले पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. तिथे आलेला पहिला मुलगा होता स्पेलिंग न जमणारा, आणि त्याला घेऊन आली होती त्याची शिक्षिका, मार्गारेट मॅग्वायर. विट्मरने मुलाचे डोळे तपासले, तर दृष्टिदोष निघाला. चष्मा दिला, आणि उरलेल्या अडचणीसाठी शिकवणीची योजना आखली. या शास्त्राचा आरंभच एका शिक्षिकेच्या निरीक्षणापासून झाला, हे आपण विसरून गेलो आहोत.

म्हणून मूल तपासणीला जाताना त्याच्याबरोबर शिक्षकाने लिहिलेले एक पान जावे. घरात कोणती बोली बोलतात. मूल काय न अडता करते. खेळाचे नियम समजतात का, दुकानातून सामान नीट आणते का. वाचन-लेखनातल्या चुकांचे नमुने, बोलीतले शब्द वेगळे खूण करून. ऐकू येण्याबद्दल, तंद्रीबद्दल, सिकलसेलच्या तपासणीबद्दल जे माहीत असेल ते. शाळा किती दिवस बुडाली. आणि शेवटी एक विनंती: आकड्याबरोबर, शाळेने काय करावे तेही लिहून द्यावे.

त्या बापाला मी शेवटी सांगितले की, हा पास-नापासचा आकडा नाही. त्या दिवशी, त्या खोलीत, त्या प्रश्नांपुरते जे दिसले ते एवढे. पुढच्या वेळी जाल तेव्हा माझे पान घेऊन जा. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "मंग तवर याले शिकवाल ना जी?"

या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले. मुलगा सध्या रोज दुपारच्या सुट्टीनंतर वीस मिनिटे माझ्याजवळ बसतो. त्याच्या पानावर मी पहिली ओळ लिहिली आहे: तीन कामे एकदम सांगितली तर एक करतो, एकामागून एक सांगितली तर तिन्ही करतो.